हर-टू ‘लो’: एका शब्दामागची पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगावरच्या चर्चासत्रांत सध्या हर-टू या पेशींवरच्या प्रथिनाच्या चाचणीतल्या ० आणि १+ या गुणांतल्या फरकावर तासन्‌तास बोललं जातं. पंधरा वर्षांपूर्वी हा फरक कुणी विचारतही नव्हतं. दोन्ही रिपोर्टांवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं जायचं आणि फाइल पुढे जायची.

हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी अधिक आक्रमक असतात, हे १९८७ मध्ये १८९ गाठींच्या अभ्यासातून पुढे आलं. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली, तिच्यासोबत ० ते ३+ गुण देणारी रंगचाचणीही आली. जास्त हर-टू असलेल्या गाठी निवडून काढायला ती मोजपट्टी आखलेली होती. खालची घरं ढोबळ राहिली, कारण तिथे उपचार बदलत नव्हता. आजच्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

वरच्या टोकाचा वाद तुलनेने लवकर मिटला. २००७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ३+ साठी ३० टक्क्यांहून जास्त पेशींत गडद रंग मागितला. २०१३ मध्ये ही अट १० टक्क्यांवर आली आणि फिश या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणायचं गुणोत्तर २.० ठरलं. १+ आणि २+ गाठींना ट्रास्टुझुमॅब देऊन पाहिलेल्या ३,२७० स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला नाही, तेव्हा खालच्या घरांचा विषय संपल्यासारखा वाटला.

तो पुन्हा उघडला ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानने. या औषधाच्या प्रत्येक अँटीबॉडीवर केमोचे साधारण आठ रेणू बसवलेले असतात. पेशीत सुटलेला रेणू पटलातून बाहेर पडून शेजारच्या पेशीही मारतो, त्यामुळे थोडे हर-टू असले तरी भागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ‘हर-टू लो’साठी त्याला मान्यता मिळाली. ‘लो’ म्हणजे १+, किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह. औषध तपासून पाहणाऱ्या चाचणीत कुणाला घ्यायचं याची ही अट होती. तीच पुढे रोगाच्या प्रकाराचं नाव होऊन बसली.

२०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘लो’ हा वेगळा निकाल मानायला नकार दिला. त्या चाचणीत ० गुणांच्या रुग्णांना घेतलंच नव्हतं, मग १+ वेगळं वागतं हे सिद्ध कशावरून, असा त्यांचा मुद्दा. शास्त्राच्या अंगाने तो बिनतोड आहे. पण रिपोर्टच्या पहिल्या ओळीत ‘निगेटिव्ह’ आणि खाली तळटीप, अशी व्यवस्था झाली की ओपीडीच्या गर्दीत तळटीप वाचायची राहते आणि रुग्णाचं औषध हुकतं. पहिल्या ओळीतच गुण लिहायला हवा होता, असं आम्हाला ठामपणे वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये ‘अल्ट्रालो’ला मान्यता मिळाल्यावर तर ० या घराचेही दोन भाग पडले: अजिबात रंग नाही, आणि १० टक्के किंवा त्याहून कमी पेशींत पुसट रंग, म्हणजेच ‘अल्ट्रालो’.

१+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींच्या कडेला जेमतेम दिसणारा, अर्धवट रंग. तो ४० च्या भिंगाखालीच नीट दिसतो, आणि नमुना हाताळताना सगळ्यात आधी तोच हरवतो. गाठ काढल्यापासून तासाभरात, पेशी टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी. फॉर्मॅलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड, गाठीच्या किमान दहापट, आणि मुदत ६ ते ७२ तास. शस्त्रक्रिया तालुक्याला आणि तपासणी मुंबई-पुण्याला असली की अख्खा स्तन न चिरता बादलीत बुडवून पाठवला जातो. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. गाभा तोवर खराब होतो. म्हणून ५ ते १० मिलिमीटरवर काप द्यायचे, तेही गाठीतून जाणारे. हाडातला नमुना आम्लाने मऊ केला तर प्रथिन आणि डीएनए दोन्ही बिघडतात. तिथे ईडीटीए वापरायचं. काप काढलेल्या स्लाइड सहा आठवड्यांत रंगवायच्या.

कंट्रोलचीही, म्हणजे रंग नीट बसला का हे पाहायला सोबत लावलेल्या, गुण आधीच माहीत असलेल्या तुकड्याचीही, एक मेख आहे. सोबत फक्त ३+ चा तुकडा लावला असेल, तर रंग फिका पडत चालल्याचं कळतच नाही, कारण ३+ तरीही गडद दिसतो. त्या बॅचमधले १+ मात्र ० होऊन बाहेर पडतात. कंट्रोलमध्ये १+ चा तुकडा असायलाच हवा.

एकाच रुग्णाच्या मूळ गाठीत ० आणि यकृतातल्या गाठीत १+ येणं नवलाचं नाही. त्यामुळे आधीचे सगळे रिपोर्ट मागवून गुण वाचायचे. जिथे नुसतंच ‘निगेटिव्ह’ लिहिलंय, तिथे जुनी स्लाइड पुन्हा पाहायची. ती नसेल किंवा रंग उडालेला असेल, तर गाठ मेणात जपलेल्या ब्लॉकवरून नवा काप काढून रंगवायचा.