नकाशावरून घरशोध (बेळगाव सीमाभाग)

नकाशावरून घरशोध : विकाऊ किंवा भाड्याची घरे, खोल्या आणि प्लॉट ऑनलाइन नकाशावर पाहून निवडण्याची पद्धत. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत आधी घर भेटते आणि मग त्याचा पत्ता शोधावा लागतो. नकाशावर आधी परिसर ठरतो आणि त्यातली घरे नंतर समोर येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील सीमाभागात ही पद्धत मोबाइलबरोबर आली, पण पुण्या-बंगळूरसारखी रुळलेली नाही. एकाच नावाच्या अनेक गल्ल्या, दोन भाषांतली गावनावे, तीन-चार तऱ्हेचे मिळकत क्रमांक आणि शेतातून जाणारी राज्याची सीमा यांच्यापुढे नकाशावरची लाल खूण अनेकदा गोंधळते. जमीन दाखवण्यात नकाशा पटाईत आहे, पत्ता सांगण्यात कच्चा. या भागात तो वापरताना हा भेद धरून चालावे लागते.

उगम

घरांच्या जाहिराती आणि नकाशा यांची पहिली गाजलेली सांगड २००५ साली अमेरिकेत पडली. गूगल मॅप्स त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले होते. पॉल रेडमाकर या संगणक तज्ज्ञाने क्रेग्सलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती त्या नकाशावर टाचल्या आणि हाउसिंगमॅप्स हे संकेतस्थळ काढले. आपला नकाशा इतरांना वापरू देण्याची अधिकृत सोय गूगलने जूनमध्ये खुली केली, म्हणजे रेडमाकरचा हा खटाटोप परवानगीच्या आधीचा. भारतात नाइन्टीनाइन एकर्स आणि मॅजिकब्रिक्स ही संकेतस्थळे त्याच सुमाराची, पण त्यांचा भर यादीवर होता. २०१२ मध्ये मुंबईत आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या हाउसिंग डॉट कॉमने नकाशा पुढे आणून ठेवला. रस्त्यावर उभे राहून पाहिल्यासारखे दृश्य देणारी स्ट्रीट व्ह्यू सेवा २०२२ च्या जुलैमध्ये भारतात नव्याने आली, ती दहा शहरांपासून. त्यांत पुणे, नाशिक, अहमदनगर होती, बेळगाव नव्हते.

खूण पडते कशी

जाहिरात देणारा पत्ता टाइप करतो आणि संगणक त्या अक्षरांवरून अक्षांश-रेखांश काढतो. पत्ता नीट कळला नाही तर खूण त्या वस्तीच्या, नाहीतर थेट शहराच्या मध्यबिंदूवर टाकली जाते. एका ठिपक्यावर दहा-बारा घरे रचलेली दिसली, की ती एका इमारतीत आहेत असे समजू नये. त्या दहाही पत्त्यांनी संगणकाला चकवले आहे. काही वेळा घरमालक किंवा एजंट मुद्दामच खूण लांब ठेवतो, कारण नेमकी जागा कळली तर गिऱ्हाईक दलालाला वगळून दारात उभे राहील.

भाडे, खोल्यांची संख्या, डिपॉझिट यांची चाळणी लावता येते, नकाशावर बोटाने गोल काढून त्यापुरती घरे मागता येतात, किंवा कॉलेजपासून अर्ध्या तासाच्या आतली जागा हवी असेही सांगता येते. बेळगावात नव्याने येणारा भाडेकरू याच सोयींवर सगळ्यात जास्त विसंबतो : नेहरूनगरच्या मेडिकल कॉलेजचा किंवा उद्यमबागच्या इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मच्छे येथील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा कर्मचारी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात बदलून आलेल्या जवानाचे कुटुंब, फाउंड्रीत लागलेला कामगार. गावातला माणूस मात्र मेहुण्याला फोन लावतो.

नावांचा घोळ

खरी अडचण नावांपासून सुरू होते. शहराच्या पेठेत मारुती गल्ली आहे, तशी भोवतालच्या गावोगावीही आहे. लक्ष्मी गल्ली, पाटील गल्ली, ब्रह्मलिंग गल्ली यांचेही तेच. जुनी गावे शहरात मिसळली तशी त्यांच्या गल्ल्याही नावासकट आत आल्या. नुसते ‘मारुती गल्ली’ लिहून शोधणाऱ्याला नकाशा भर बाजारात नेऊन उभा करतो आणि घर असते चार-पाच किलोमीटरवरच्या गावात. नव्या वसाहतींत गल्लीऐवजी कर्नाटकी पद्धतीचा ‘क्रॉस’ आला. भाग्यनगरला पहिला, दुसरा, तिसरा क्रॉस आहे, सदाशिवनगरलाही आहे, म्हणून वसाहतीचे नाव गाळून दिलेला क्रॉस निरुपयोगी ठरतो. वडगाव, शहापूर आणि कॅम्प हे बेळगावचेच भाग, पण ‘वडगाव’ एवढेच लिहिले तर पुण्याकडचे वडगाव निघते, ‘शहापूर’ लिहिले तर ठाण्याचे किंवा यादगीरचे, आणि ‘कॅम्प’ म्हटले तर पुन्हा पुणेच.

बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. शोधयंत्रांना दोन्ही नावे कळतात, पण लहान वस्त्यांच्या बाबतीत ही समज अपुरी पडते. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. अनगोळ कुठे ‘अनगोल’ होते, कुठे ‘अँगोल’. वडगावची ‘व’ दोन तऱ्हांनी लिहिली जाते. निपाणी कानडी उच्चाराने निप्पाणी होते आणि चिकोडी चिक्कोडी. जाहिरात एका रूपात आणि शोध दुसऱ्या रूपात असला, की घर असूनही दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात एकाच जागेची मराठी आणि कानडी नावे वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवता येतात, पण घरांच्या जाहिराती तिथे नसतात.

लोकांच्या तोंडची नावे आणि पाटीवरची नावे हाही एक पेच. धर्मवीर संभाजी चौकाला जुनी माणसे बोगारवेस म्हणतात. गोवावेस आणि आरपीडी क्रॉस हे शब्द रिक्षावाल्याला पुरे होतात. आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय, हे नवख्याला कोण सांगणार? कंग्राळी बी.के. आणि कंग्राळी के.एच. ही दोन गावे आहेत. ही अक्षरे बुद्रुक आणि खुर्दची, पण ती सरकारी दप्तरातून बोलण्यात इतकी मुरली आहेत की बुद्रुक म्हटल्यावर तिथलाच एखादा मुलगा क्षणभर थबकतो. जाहिरातीत नुसते ‘कंग्राळी’ असेल तर फोन करून विचारण्याला पर्याय नाही.

क्रमांक

जुन्या शहरात आणि टिळकवाडीत मिळकत सी.टी.एस. नंबराने, म्हणजे सिटी सर्व्हेच्या क्रमांकाने ओळखली जाते. शहराबाहेरच्या जमिनीला आर.एस. नंबर, म्हणजे सर्व्हे नंबर असतो. बेळगाव नगर विकास प्राधिकरणाच्या, लोकांच्या भाषेत ‘बुडा’च्या, वसाहतींत प्लॉट नंबर आणि स्कीम नंबर चालतो. शिवाय महापालिकेचा घरक्रमांक वेगळाच. दस्तऐवजात यांपैकी कोणताही येऊ शकतो आणि जाहिरातींच्या नकाशाला सहसा एकही उमगत नाही. पिनकोडने परिसर आवळता येतो (टिळकवाडी ५९०००६, तंत्रज्ञान विद्यापीठ ५९००१८, निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२), पण खेड्यांचा पिनकोड हा टपाल कार्यालयाचा असतो आणि एकाखाली अनेक गावे येतात. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षर-अंकांचा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन नेमका दाखवतो. जाहिरातीत तो दिला तर वरची निम्मी कटकट मिटेल.

जमीन काय सांगते

नावांना बाजूला ठेवून उपग्रहाचे चित्र उघडले, की नकाशा कामाचा होतो. बेळगावचे जुने भाग वेगवेगळ्या अमलांखाली वाढले. शहापूर बेळगावला खेटून असूनही सांगली संस्थानात होते, कॅम्प लष्कराच्या ताब्यात, आणि टिळकवाडीतला काँग्रेस रोड १९२४ च्या महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनाची आठवण सांगतो. वरून पाहिले तर दाट गल्ल्या, बंगले आणि आखीव क्रॉस यांच्या रेघा सरळ वेगळ्या ओळखू येतात. कोणत्या घरापुढे चारचाकी उभी राहील हे कळायला तेवढे पुरते.

त्याहून मोलाचे म्हणजे पाणी. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या बाजूला भातशेती आहे आणि बळ्ळारी नाला पावसाळ्यात तिथल्या शिवारात पसरतो. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शहराच्या सखल भागांतही पाणी शिरले होते. प्लॉट दाखवायला एजंट उन्हाळ्यात नेतो, तेव्हा सगळे कोरडे ठणठणीत असते. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे. त्यात आजचा ‘एन.ए.’ (बिगरशेती) लेआऊट पंधरा वर्षांपूर्वी भाताचे खाचर होता का, नाल्याची वाट कुठून जात होती, हे घरबसल्या दिसते. चित्रे बहुधा ढग नसलेल्या महिन्यांतली असतात, त्यामुळे पूर त्यात सापडत नाही. नाल्याकाठची हिरवी पट्टी आणि बांधांच्या रेघा पाहून अंदाज बांधायचा.

अंतराच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. टिळकवाडीच्या बाजूला रेल्वेमार्गावरची गेटे क्रमांकानेच ओळखली जातात : पहिले, दुसरे, तिसरे. रुळांच्या पलीकडचे घर सरळ रेषेत पाचशे मीटरवर दिसते आणि वाट मात्र पुलाला वळसा घालून जाते. म्हणून गोल काढण्यापेक्षा प्रत्यक्ष रस्त्याने लागणारा वेळ पाहावा, तोही सकाळी शाळा भरण्याच्या सुमाराचा.

काही गोष्टी कोणत्याही चित्रात उतरत नाहीत. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. भिंतीपलीकडे यंत्रमाग असेल तर त्याची खडखड दिवसभर ऐकायची तयारी हवी. नळाला पाणी किती दिवसांनी येते, परसात विहीर आहे की बोअर, घरमालकाला मांसाहार चालतो का, ‘फॅमिली’च हवी का, हे सगळे उंबऱ्याशी गेल्यावरच ठरते.

सीमा

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, बाची ओलांडली की शिनोळी लागते आणि राज्य बदलते. शिनोळी कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात आहे, तिथे औद्योगिक वसाहत आहे, आणि कामाला जाणाऱ्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. नकाशावर गोल काढून शोधणाऱ्याला दोन्हीकडची घरे एकत्र दिसतात. संकेतस्थळावर आधी ‘शहर : बेळगावी’ निवडले, की शिनोळी गळते. निपाणीचे उलटे : जिल्हा बेळगाव, पण कोल्हापूर जास्त जवळ, आणि कोल्हापुरात नोकरी करणाऱ्याने शहराच्या नावाने शोध घेतला तर निपाणीतले घर त्याच्या नजरेसच पडत नाही. कर्नाटकातले संकेश्वर आणि महाराष्ट्रातले गडहिंग्लज यांच्यातही असाच प्रकार. नात्यागोत्याने आणि बाजारहाटाने जोडलेला मुलूख शहर निवडायच्या चौकटीत दुभंगतो. सीमाभागातल्या माणसाला याचे फार नवल वाटत नाही.

कागदपत्रांत मात्र ती रेघ जाड आहे. कर्नाटकात जमिनीचा उतारा म्हणजे ‘भूमी’ प्रणालीतली आर.टी.सी.; १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात असल्याने मराठी घरांत अजून तिला सातबारा म्हणतात. ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतीला ई-स्वत्तू या ऑनलाइन नोंदवहीतला नमुना लागतो, बोजा तपासायला ई.सी. (बोज्याचा दाखला) काढतात आणि नोंदणी कावेरी प्रणालीत होते. शिनोळीत गेले की खरा सातबारा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि महाभूनकाशा हा जमिनीचा ऑनलाइन नकाशा. कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ या अॅपमध्ये आपण उभे आहोत त्या जागेचा सर्व्हे नंबर दिसतो. प्लॉट घेणाऱ्याने जागेवर जाऊन तो उघडावा आणि एजंटाच्या कागदावरच्या नंबराशी जुळवून पाहावा. जुळला नाही तर पुढचे बोलणे थांबवावे. हद्दीचा वाद निघाला तर अॅपवरचे चित्र पुरावा होत नाही. त्यासाठी सरकारी मोजणी लागते.

भाड्याचा व्यवहार

भाडेकरार दोन्ही राज्यांत बहुधा अकरा महिन्यांचा असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे; महाराष्ट्रात मात्र अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. कर्नाटकातल्या जाहिरातींत ‘लीज’ हा शब्द दिसला तर तो नीट विचारून घ्यावा. अनेकदा त्याचा अर्थ मोठी रक्कम एकदम ठेवायची, दरमहा भाडे द्यायचे नाही आणि सोडताना रक्कम परत घ्यायची, असा असतो. चाळणीत भाडे शून्य दिसते म्हणून हरखून जाऊ नये.

फसवणुकीचा एक ठरावीक साचा देशभर आढळतो. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, घर रिकामे आहे, असे सांगून फोटो आणि नकाशावरची खूण पाठवतात आणि टोकन म्हणून क्यूआर कोडवर पैसे मागतात. छावणीच्या शहरात ही थाप सहज पचते. घर आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

एवढे करूनही बेळगावातली पुष्कळ घरे नकाशावर येतच नाहीत. फाटकावर टांगलेली ‘घर भाड्याने देणे आहे’ ही पाटी, तिच्याखाली तोच मजकूर कानडीत, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप यांवरच ती उठतात. पाहायला येणाऱ्याला घरमालक आता ‘लोकेशन’ पाठवतो खरा, पण लगेच फोनही करतो : मारुतीच्या देवळापाशी थांबा, पोराला पाठवतो.