२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन यांचे नाव दिलेले आहे आणि त्या मालिकेत हिचा क्रमांक आठवा लागतो. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, ती लिहायची तर ओळीने ३१ एक मांडावे लागतात.

ती मूळ असल्याचे गणिती लेओनहार्ड ऑयलर यांनी १७७२ साली दाखवले. तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. हिचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१, म्हणजे तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे तर हजारो भागाकार आले. ऑयलर यांची वाट फार सुंदर आहे. समजा, 'क' या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला 'क' ने भागले की बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्याने त्याहून लहान घाताला ही बाकी येतच नाही, आणि फर्माचे प्रमेय सांगते की २ च्या ('क' वजा १) व्या घाताला 'क' ने भागले तरी बाकी १ च उरते; त्यामुळे 'क' वजा १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय 'क' ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. त्यांतली पहिली मूळ संख्या ३११. तिने भागा: भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. पुढची थेट १,३०३. दादर ते चर्चगेट लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर यातले दोन-चार भागाकार वहीवर सहज होतात. प्रत्येकाने एकदा तरी ते हाताने करून पाहावेत. त्याशिवाय या युक्तीची खरी किंमत कळत नाही.

त्यानंतर कित्येक दशके हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या.

हिच्या मूळपणाचा उपयोग यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसल्यासारखे दिसणारे, अंक तयार करताना होतो. एखादी संख्या घेऊन तिला १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणायचे, या मूळ संख्येने भागायचे आणि बाकी पुन्हा गुणायला घ्यायची. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुरे होत नाही.

संगणकात ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांच्या, चिन्हयुक्त (धन किंवा ऋण असू शकणाऱ्या) पूर्णांकाची वरची मर्यादाही हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी घड्याळे मुंबईच्या वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या आकड्यावर पोहोचतील. तो मंगळवार आहे, कचेऱ्यांकडे निघालेल्या गर्दीची वेळ. पुढच्याच सेकंदाला मोजणी ऋण होऊन ही घड्याळे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. ६४ बिटांत वेळ मोजणाऱ्या यंत्रणांना ही अडचण नाही. जुनी उपकरणे मात्र त्याआधी बदलावी किंवा दुरुस्त करावी लागतील.