लांब रोटी

लांब रोटी : सैल कणीक लाटण्याऐवजी हातांवर ताणून, चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर भाजलेली गव्हाची अतिशय पातळ रोटी. नागपुरात लंबी रोटी, मटका रोटी ही नावेही रूढ आहेत. सावजी मटण व पाटवडी रस्सा यांबरोबर ती खातात.

उगम : चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात ‘मंडक’ हा पदार्थ येतो. कणकेचा गोळा हातांनी वाढवून तापल्या खापरावर भाजावा, असे त्याचे वर्णन आहे. मराठीतील ‘मांडा’ हा शब्द यावरूनच आला असावा. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका सर्वपरिचित असली, तरी तिच्यावरून कालनिर्णय करता येत नाही. काहीजण लांब रोटीचे नाते रुमाली रोटीशी जोडतात. मात्र रुमालीत मैदा असतो, ती आधी लाटतात, मग झेलून फिरवतात आणि पालथ्या लोखंडी कढईवर भाजतात. लाटण्याचा अभाव आणि मातीचे भांडे या दोन खुणा लांब रोटीला खानदेशातील मांड्यांजवळ नेतात, म्हणून मांड्यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मांड्यात पुरण असते, हिच्यात नसते.

कणीक : १ किलो बारीक चाळलेल्या पिठाला साधारण १५ ते २० ग्रॅम मीठ व एकूण ८५० ते ९५० मिलि. पाणी लागते. चपातीला याहून बरेच कमी पुरते. चाळणे आवश्यक, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचे (गव्हातील चिवट प्रथिनाचे) पापुद्रे कापतात आणि रोटी तिथेच फाटते. आधी सुमारे ६०० मिलि. पाण्यात घट्ट कणीक मळून तासभर झाकून ठेवतात. या अवधीत ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने पाणी पिऊन एकमेकांत गुंततात व ग्लुटेनचे जाळे बनते. ग्लायाडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती तुटत नाही. मग उरलेले पाणी हबक्या-हबक्याने घालत परातीत अर्धा तास कणीक उचलून आपटतात. सगळे पाणी एकदम ओतले तर गुठळ्या घसरत राहतात, जाळे जुळत नाही. उचललेली कणीक न तुटता पडद्यासारखी लोंबली की झाली. मिठाने जाळे आवळते. अळणी कणीक चिकट होऊन पसरते. मे महिन्यात पारा ४५° से. कडे जातो तेव्हा पिठातील प्रथिनभंजक विकरे (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) जोरात काम करतात व कणीक तासाभरात ढिली पडते. अशा दिवसांत माठातले पाणी वापरावे आणि मुरवण्याचा वेळ निम्मा करावा.

भाजणे : ओल्या हातांवर गोळा या हातावरून त्या हातावर झेलत मनगटापासून कोपरापर्यंत लांबवतात व एका झटक्यात मडक्यावर टाकतात. घुमटाकार पाठीवर कडा स्वतःच्या वजनाने खाली ओढल्या जातात, त्यामुळे मध्य व कडा सारख्याच पातळ होतात. माती लोखंडापेक्षा उष्णता सावकाश सोडते, म्हणून इतका पातळ थर जळण्याआधी शिजतो. सुमारे ६०° से.ला स्टार्च फुगू लागतो. पाणी उडून पृष्ठभाग १४०° से.च्या वर गेला की तपकिरी ठिपके उमटतात. मडके कमी तापले असेल तर खालची वाफ कोंडत नाही, कणीक मातीला चिकटते आणि सोडवताना चिंध्या होतात. पाण्याचा थेंब टाकताच चरचरून नाहीसा व्हावा. तापल्या मडक्यावर गार पाण्याचा हात मारल्यास ते तडकते. चिकटलेला भाग कोरड्या फडक्यानेच पुसावा.