सीटी स्कॅनमध्ये 'कलेक्शन' आलं म्हणजे पू झाला? खुलासा

परळला हॉस्पिटलांबाहेरच्या टपरीवर कटिंग पिताना नातेवाईकांमध्ये एक गोष्ट कायम फिरत असते, की लिव्हरच्या ऑपरेशननंतर सीटीच्या रिपोर्टात 'कलेक्शन' (आत काहीतरी पातळ साठलेलं) आलं म्हणजे आत पू झाला, आता पोट परत उघडणार. असं काही नसतं हो. लिव्हरचा तुकडा काढला की कापलेल्या जागी थोडं पाणी, रक्त नाहीतर पित्त साठू शकतं, बऱ्याच जणांचं ते आपोआप जिरतं पण, आणि स्कॅनवर साधं पाणी काय नि पू काय, कधीकधी सेम टु सेम दिसतं. हवेचे बुडबुडे दिसले तरी लगेच हाय खाऊ नका, ती ऑपरेशनवेळची हवा असू शकते, किंवा रक्त थांबवायला आत ठेवलेल्या विरघळणाऱ्या जाळीत अडकलेली, म्हणून तर सीटीला जाताना ऑपरेशनचे कागद सोबत न्यायचे. कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर कलेक्शनभोवती उजळ कड दिसली तर संशय वाढतो, एवढंच. ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टर ठरवतात, आणि खात्रीच करायची तर सोनोग्राफीवर बघत सुई घालून पाणी काढतात नि कल्चरला (त्यात जंतू वाढतात का बघायला) पाठवतात. पू निघालाच तरी बहुतेकदा बारीक नळी टाकून काम भागतं. उलट ताप हटत नसेल तर 'सोनोग्राफी नॉर्मल आलीय' म्हणून घरी बसू नका, आतड्यातल्या गॅसमुळे खोलवरचं सुटतं त्यात कधीकधी.