ऑपरेशन हार्टचं, मग त्रास फुफ्फुसाला का?

"मॅडम, ऑपरेशन हार्टचं होतं ना, मग बाबांना दम कशाने लागतोय?" आयसीयूच्या दाराशी उभं राहून हे कोणी ना कोणी मला विचारतंच. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ओपन हार्ट चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवते, आम्ही त्याला नुसतं पंप म्हणतो. आणि हा त्रास बऱ्याचदा पंपपासूनच सुरू झालेला असतो, म्हणून याचं नीट उत्तर देणं मला माझंच काम वाटतं.

पेशंट पंपवर घेतला की हार्टकडे येणारं रक्त नळ्यांमधून मशीनमधे येतं, तिथे ऑक्सिजनेटरच्या केसासारख्या बारीक पोकळ तंतूंवरून जाताना ऑक्सिजन घेतं आणि परत महाधमनीत जातं. हार्ट थांबवलेलं असतं, फुफ्फुसं सहसा पूर्ण रिकामी करून ठेवतात, हवा गेलेल्या फुग्यासारखी पडून असतात, आणि एरवी शरीरातलं सगळं रक्त त्यांच्यातून जातं ते तेवढा वेळ जवळपास बंद, नुसत्या श्वासनलिकांना रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांवर भागवायचं.

खरी गडबड रक्तात होते. रक्त जन्मभर फक्त रक्तवाहिनीच्या आतल्या मऊ अस्तराला शिवलेलं असतं, ते एकदम काही मीटर प्लॅस्टिक आणि ऑक्सिजनेटरमधल्या एकदोन चौरस मीटर पृष्ठभागावरून फिरायला लागतं, आणि त्याला वाटतं परका कोणीतरी शरीरात घुसला. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची जुनी संरक्षण यंत्रणा जागी होते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना उठवते. 1983 मधे अमेरिकेतल्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमला सर्जन जॉन कर्कलिन यांच्या टीमने दाखवून दिलं की या कॉम्प्लिमेंटचा आणि पंपनंतरच्या त्रासाचा थेट संबंध आहे.

आता फुफ्फुसच का? फुफ्फुसातल्या केशवाहिन्या सरासरी न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात, पेशीला अंग चोरून जावं लागतं. चिडलेली न्यूट्रोफिल ताठ आणि चिकट होते, अडकून बसते, तिथेच आपली एन्झाइम्स सोडते, भिंत झिरपायला लागते आणि ज्या कोशिकांमधे हवा असायला हवी तिथे प्रथिनयुक्त पाणी साचतं. हेच पंप लंग. 1953 मधे फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी 18 वर्षांच्या मुलीचं पहिलं यशस्वी ऑपरेशन हार्ट-लंग मशीनवर केलं, आणि पुढे जशी ऑपरेशन्स वाढली तसा हा प्रकार सर्जन लोकांच्या लक्षात येऊ लागला. तेव्हा रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे थेट सोडायचे आणि मशीन भरायलाच दात्यांचं बरंच रक्त लागायचं. आता रक्त आणि ऑक्सिजनच्या मधे मेंब्रेन, म्हणजे पातळ पडदा असतो, मशीन सलाइनसारख्या द्रवाने भरतो, त्यामुळे पूर्वीसारखा भयंकर पंप लंग फार थोड्यांना होतो. मात्र फुफ्फुसाचा तळाचा भाग थोडाफार दबलेला राहणं हे जवळपास प्रत्येकात दिसतं, त्याला घाबरू नका.

निदानाचं म्हणाल तर याची एक अशी टेस्ट नाही. एक्स-रे दोन्हीकडे पांढरा दिसतो, पण पांढरा तर हार्ट कमी पडल्यावर पाणी साचूनही दिसतो, म्हणून आधी इको करून हार्टचं पंपिंग बघतात. छातीत हवा किंवा पाणी भरलंय का ते बघतात, रक्त चढवल्यापासून सहा तासांत बिघडलं असेल तर रक्ताच्या रिअ‍ॅक्शनचा संशय घेतात, आणि हार्टभोवती बर्फ वापरला असेल तर छाती आणि पोटाच्या मधला जो श्वासाचा स्नायूचा पडदा असतो, त्याची डावीकडची नस गारठून तो हलत नाहीये का हेही. मग एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी. समजा व्हेंटिलेटरवर 60 टक्के ऑक्सिजन चालू आहे आणि रक्तात ऑक्सिजनचा दाब 90 आला, 90 भागिले 0.6 म्हणजे 150. हा आकडा 300 च्या खाली आला की एआरडीएसचा, म्हणजे सुजून पाणी झिरपल्याने फुफ्फुस निकामी होण्याचा विचार, 200 च्या खाली मध्यम, 100 च्या खाली गंभीर. 90 हा आकडा एकटा बघितला तर बरा वाटतो, म्हणून ऑक्सिजन किती लावलाय हे नेहमी विचारा.

उपचारातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छोटे श्वास. नातेवाइकांना वाटतं मशीनने जोरात हवा भरावी, पण उरलेलं चांगलं फुफ्फुस थोडंच असतं, तेच फुगून फाटतं. 2000 साली 861 पेशंट्सवरच्या अमेरिकन अभ्यासात एका गटाला किलोमागे 12 मिली आणि दुसऱ्याला 6 मिली श्वास दिला, मृत्यूचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 वर आलं. आणि हे किलो वजनकाट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढलेले! 165 सेंटीमीटरचा पुरुष 85 किलोचा असला तरी त्याचं फुफ्फुस साधारण 61 किलोच्या माणसाचंच, म्हणजे श्वास 370 मिलीच्या आसपास. शिवाय श्वास सोडल्यावरही थोडा दाब ठेवतात, म्हणजे कोशिका मिटत नाहीत.

पाणी मोजूनमापून, लघवी वाढवायची औषधं, रक्त गरज असेल तरच. "पाणीसुद्धा देत नाहीत" म्हणून घरचे चिडतात, मला ते समजतं, पण झिरपणाऱ्या फुफ्फुसात प्रत्येक जास्तीचा लिटर जाऊन बसतो. सूज आहे तर स्टिरॉइड द्या असं कोणालाही सुचेल, पण ऑपरेशनच्या वेळी सरसकट स्टिरॉइड देऊन बघणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांमधे, एकीत 4494 आणि दुसरीत 7507 पेशंट होते, मुख्य परिणामांत ठोस फायदा दिसला नाही. फारच बिघडलं तर पालथं झोपवतात, छातीचं हाड ताजं कापलेलं असताना ते जिकिरीचं काम आहे, चार-पाच जणं लागतात, आणि त्याहीपुढे एक्मो, म्हणजे शरीराबाहेरच्या मशीनने रक्ताला ऑक्सिजन देणं.

बहुतेकांची वेळ तिथवर येत नाही. ट्यूब लवकर निघावी, वेदना कमी असाव्यात म्हणजे माणूस खोकू शकतो, खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवायचं. ऑपरेशनची तारीख ठरली की बिडी-सिगारेट लगेच बंद करा आणि प्लॅस्टिकच्या तीन गोळ्या असलेलं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, आधीच घरी आणून सवय करा, दिवसातून दर तासाला दहा वेळा. गोळ्या वर न्यायला तोंडाने हवा आत ओढायची असते, बरेच जण पहिल्यांदा फुंकतात, आणि गोळ्या जागच्या हलत नाहीत.