पोलिसांच्या कॅमेऱ्यांची माहिती कशी मागावी: मुंबईकरांसाठी अर्जप्रक्रिया

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्ही यंत्रणा उभारण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये चार हजार सातशेहून अधिक कॅमेऱ्यांचा प्रकल्प कार्यान्वित झाला. मात्र हे चित्रण किती दिवस जपले जाते, ते कोण पाहू शकते आणि चेहरा ओळखणारी प्रणाली त्याला जोडलेली आहे का, हे नाक्यावरच्या त्या खांबाखाली रोज बसची वाट पाहणाऱ्याला कुणी आपणहून सांगत नाही. ते विचारण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने दिला आहे आणि तो वापरला गेला पाहिजे.

भारताचा कोणताही नागरिक हा अर्ज करू शकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. कुणी विचारलेच तर कलम ६ (२) कडे बोट दाखवावे.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांत दिलेल्या ठरावीक नमुन्यात करावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढची प्रत्येक मुदत त्या शिक्क्यावरूनच मोजली जाते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे; त्याने दाखल्याची प्रत जोडावी. राज्य शासनाच्या आरटीआय संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

अर्ज कुणाकडे करायचा हे विषयावर ठरते. कॅमेऱ्यांच्या वापराचे नियम मुंबई पोलीस आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागावेत, तर निविदा व करारनाम्यासाठी मंत्रालयातील गृह विभागाकडेही स्वतंत्र अर्ज करावा. फलाटावरचे रेल्वेचे कॅमेरे केंद्राच्या अखत्यारीत येतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६ (३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे हे त्या कार्यालयाचे काम आहे.

खरी कसोटी अर्जाच्या मजकुराची असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांत बसावा. मी एकदा खरेदी आणि चित्रणाची साठवण हे दोन्ही विषय एकाच अर्जात घातले होते. तो अर्ज महिनाभराने तसाच परत आला. दुसरे असे की, 'कॅमेऱ्यांचा गैरवापर होतो का?' हा प्रश्न मत मागतो, आणि कायदा देतो ते अभिलेख, म्हणजे कार्यालयातील नोंदी आणि कागदपत्रे. म्हणून असे लिहावे: 'शहरातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याच्या कालावधीबाबतचे आदेश, परिपत्रके व कार्यपद्धती यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.' कोणता कॅमेरा कुठे वळतो किंवा कुठे काही टिपले जात नाही, हे मागू नये. तो तपशील सुरक्षेच्या कारणाने नाकारला जाईल आणि सोबतचा चांगला प्रश्नही बुडेल. नियम, खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम यांत मात्र माझ्या मते गुपित असे काहीच नाही.

उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. प्रतींसाठी पानामागे २ रुपये पडतात. नकार आला तर त्यात कलम कोणते आणि कारण कोणते, हे बारकाईने वाचावे. 'तपास सुरू आहे' एवढे म्हणणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कागदाचा काही भाग गोपनीय असेल तर कलम १० नुसार तेवढा वगळून उरलेला द्यावा लागतो. राज्य शासनाने कलम २४ खाली या कायद्यातून वगळलेल्या गुप्तवार्ता यंत्रणांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीच्या माहितीबाबत ही सूट नाही.

नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करावे. तिथेही समाधान झाले नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. त्यासोबत मूळ अर्ज, आवक शिक्क्याची प्रत, मिळालेले उत्तर आणि प्रथम अपिलाचा निर्णय जोडावा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९ (५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकला आहे, अर्जदारावर नाही; सुनावणीत हे वाक्य ठामपणे मांडावे.