चॅटबॉटमधले पॉप-अप फॉर्म: ही खिडकी इतक्या उशिरा का आली?

आज स्लॅक या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपमध्ये बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, बसवणाऱ्याला वाटतं की बटण दाबलं की छोटी खिडकी उघडणार, त्यात तारीख निवडायची, कारण लिहायचं, सबमिट केलं की विषय संपला, हे सगळं पहिल्यापासून असंच असणार. तसं अजिबात नव्हतं. चॅटमधले बॉट खूप जुने आहेत, फॉर्म त्यामानाने कालपरवाचे, आणि मधल्या काळात काय काय अडलं ते कळलं की सेटअप करताना जे नियम उगाच छळतायत असं वाटतं ना, ते पटायला लागतात.

1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेनने आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर गटात गप्पा मारायची सोय, बनवलं आणि थोड्याच वर्षांत तिथे बॉट फिरायला लागले, 1993 चा एगड्रॉप तर आजही लोकांना आठवतो. चॅनेल (गप्पांचा गट) सांभाळायचं, ठरलेली कमांड आली की ठरलेलं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांचं काम. ऑफिसच्या कामात बॉट खऱ्या अर्थाने रुळला तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या ह्युबॉटमुळे, 2011 मध्ये त्यांनी तो ओपन सोर्स केला, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला केला, आणि चॅटमध्येच कमांड टाकून कोड सर्व्हरवर चढवायची पद्धत पसरली. पण हे सगळं डेव्हलपर लोकांसाठी ठीक होतं, कारण त्यांना कमांड पाठ करायची सवयच असते.

2014 मध्ये स्लॅक सगळ्यांसाठी खुलं झालं आणि चॅटवर एचआर, अकाउंट्स, सपोर्ट अशी सगळी माणसं आली, आणि खरी अडचण इथे सुरू झाली. समजा रजेचा बॉट आहे. स्लॅश कमांड (/ ने सुरू होणारी) टाकून पुढे दोन तारखा आणि कारण लिहायचं. कोणी आधी कारण लिहिणार, कोणी महिना आधी आणि दिवस नंतर, कोणी नुसतं 'उद्या नाही येत'. मग उपाय म्हणून बॉट एकेक प्रश्न विचारायला लागला, तर माणूस मध्येच दुसऱ्या कामाला लागायचा आणि तासाभराने परत येऊन भलतंच काहीतरी टाइप करायचा, आणि कुणाचं संभाषण कुठपर्यंत आलंय हे सगळं बॉटनेच लक्षात ठेवायचं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक दोघांनीही बॉटसाठी आपापले प्लॅटफॉर्म आणले, माणूस बॉटशी सरळ बोलेल असा तेव्हाचा जोर होता. माझ्या मते ऑफिससाठी ती दिशाच चुकीची होती. चार रकाने भरायचे असतील तर माणसाला गप्पा नको असतात, चार रकानेच हवे असतात.

स्लॅकने 2016 मध्ये मेसेजखाली बटणं दिली, 2017 मध्ये मेनू आणि मग डायलॉग, म्हणजे पहिला खरा पॉप-अप फॉर्म. त्यात साधा टेक्स्ट, मोठा टेक्स्ट आणि ड्रॉपडाउन, बस्स. एकदा उघडला की आतलं काही बदलता येत नव्हतं, म्हणजे वरचा पर्याय निवडल्यावर खाली नवीन रकाना दाखवायचा असेल तर विसराच. ती कसर 2019 मध्ये भरून निघाली, आधी ब्लॉक किट (मेसेज आणि फॉर्म रचायचे तयार तुकडे) आलं आणि त्याच वर्षी मोडल, म्हणजे डायलॉगच्या जागी आलेली नवी पॉप-अप खिडकी. तारखेचा पिकर आला, उघडा फॉर्म अपडेट करता यायला लागला, एकावर एक तीन खिडक्या रचता यायला लागल्या. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही हीच वाट दिसते, तिथे टास्क मॉड्यूल (पॉप-अप खिडकी) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह कार्ड आले, कार्डमध्ये फॉर्मचा आराखडा जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहायचा आणि अ‍ॅपने तो आपल्या पद्धतीने दाखवायचा.

आता नियमांकडे. स्लॅकमध्ये मोडल उघडायला ट्रिगर आयडी नावाचा तात्पुरता कोड लागतो, तो युजरने बटण दाबणं, कमांड टाकणं असं काही केलं तरच मिळतो आणि 3 सेकंदांत मरतो. नवीन माणूस हमखास इथे अडकतो, कारण तो आधी डेटाबेसमधून माहिती आणतो आणि मग फॉर्म उघडायला जातो, तोवर वेळ संपलेली. पण विचार करा, ही अट नसती तर कुठलाही बॉट कधीही तुमच्या तोंडासमोर खिडकी उघडून बसला असता! म्हणून आधी 'लोड होतंय' एवढंच लिहिलेलं मोडल लगेच उघडायचं आणि माहिती आली की तेच अपडेट करायचं, हे जुन्या डायलॉगमध्ये शक्यच नव्हतं.

दुसरी खोच अशी की जुना डायलॉग सबमिट झाला की तो कुठल्या चॅनेलमधून आला हे सोबत यायचं, मोडलमध्ये ते आपोआप येत नाही, कारण मोडल चॅनेलला बांधलेलंच नाही, ते होम टॅबवरूनही, म्हणजे बॉटच्या स्वतःच्या पानावरूनही, उघडतं. त्यामुळे चॅनेलचा आयडी उघडतानाच प्रायव्हेट मेटाडेटा या युजरला न दिसणाऱ्या रकान्यात ठेवायचा. जुन्या डायलॉगवरून मोडलवर येताना हे सुटलं तर फॉर्म व्यवस्थित सबमिट होतो पण उत्तर कुठे पोस्ट करायचं हेच बॉटला कळत नाही.

आणि स्लॅकला निरोप पाठवता यावा म्हणून बॉटचा सर्व्हर इंटरनेटवर बाहेरून दिसणारा हवा ही अट तर बऱ्याच कंपन्यांना फायरवॉलमुळे, म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणाऱ्या भिंतीमुळे, परवडत नव्हती, 2021 मध्ये सॉकेट मोड आला तेव्हा ती सुटली. आता बॉट स्वतःच आतून कनेक्शन उघडतो आणि बटणाचे क्लिक, सबमिट झालेले फॉर्म सगळं त्याच कनेक्शनवरून येतं.